पेशंट कोणत्या वॉर्डात?

"पेशंट कोणत्या वॉर्डात?" रक्तपेढीच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या वॉचमनने विचारलं. मी म्हटलं, कोणत्याच नाही. त्याने रजिस्टर पुढे ओढलं. "बरं, मग पेशंटचं नाव सांगा, मी बघतो." पेशंट नाहीच आहे, मी रक्त द्यायला आलेय, असं दोनदा सांगितल्यावर त्याने मान वर केली. मंगळवारची दुपार, ना कुठलं शिबिर, ना कुणाचा वाढदिवस, आणि पन्नाशी उलटलेली एक बाई खांद्याला पर्स अडकवून एकटीच आलेली. त्याच्या रजिस्टरात पाच रकाने होते आणि माझ्यामुळे त्यातले तीन कोरे राहणार होते: रुग्णाचं नाव, वॉर्ड, नातं. त्याने जरा विचार केला, तिन्ही रकान्यांवरून मिळून एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाला, "जा आत. चपला बाहेर."

मी तिथे पोचले होते त्याला कारण एक मेसेज. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला, "बी पॉझिटिव्ह रक्ताची तातडीने गरज, कृपया पुढे पाठवा." माझा रक्तगट तोच. असे मेसेज मी आयुष्यभर पुढे पाठवत आले आणि पाठवलं की आपलं काम झालं असं मानत आले. त्या दिवशी का कोण जाणे, दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस कंटाळलेल्या पण सभ्य आवाजात म्हणाला, "ताई, हा मेसेज दोन वर्षांपूर्वीचा आहे. पेशंट म्हणजे माझा मेव्हणा, तो बरा होऊन कामाला लागला. रोज एक तरी फोन येतो अजून." मी फोन ठेवला. पण एवढी मनाची तयारी केली होती, ती अशी वाया कशी घालवायची? रक्त लागणारं कुणीतरी असेलच की. असं स्वतःला बजावत चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी गेले.

आतमध्ये फिनाईल आणि स्पिरिट यांचा मिसळलेला वास. मोठ्या फ्रिजांची सतत घरघर. एका कोपऱ्यात एक छोटं यंत्र आपलं आपलंच डावीकडून उजवीकडे हलत होतं आणि त्याच्या ट्रेवर फिक्या पिवळ्या रंगाच्या पिशव्या झोके घेत होत्या. त्या प्लेटलेट. थंडीत ठेवून चालत नाही, आणि स्थिर ठेवल्या तर एकमेकींना चिकटतात, म्हणून रात्रंदिवस झुलवायच्या. आणि एवढं करून आयुष्य पाच दिवसांचं. मला हे टेक्निशियन मुलीने सांगितलं. तिशीही नसेल, पण बोलण्यात एखाद्या जुन्या शिक्षिकेचा ठामपणा. तिने फॉर्म भरायला दिला. वय १८ ते ६५ मध्ये, पहिल्यांदा देणाऱ्याचं साठच्या आत. वजन किमान ४५ किलो. कावीळ झाली होती का, गेल्या तीन महिन्यांत मलेरिया, वर्षभरात टॅटू, ऑपरेशन, सध्या कुठली औषधं, आणि मग आणखी काही प्रश्न, जे वाचताना पन्नाशीतल्या बाईलाही आजूबाजूला कुणी बघत नाही ना हे पाहावंसं वाटतं. खरं लिहा हं, ती म्हणाली. मी खरंच लिहिलं. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच. एवढं बिनभानगडीचं आयुष्य कागदावर उतरलेलं बघून थोडं वाईटही वाटलं.

मग तिने माझं बोट टोचलं. समोर एका काचेच्या छोट्या ग्लासात निळंशार पाणी होतं. मोरचूद. लहानपणी मामांच्या मळ्यात द्राक्षांवर फवारायला चुन्यात कालवलेला असायचा तोच मोरचूद, आणि तोच मोरपिशी रंग. नळीतून तिने माझ्या रक्ताचा एक थेंब वरून त्या पाण्यात सोडला. थेंब फुटत नाही, पसरत नाही. त्याच्याभोवती क्षणात एक पातळ कवच तयार होतं आणि तो गोल मण्यासारखा तरंगत राहतो. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं असेल, म्हणजे शंभर मिलिलिटरला साडेबारा ग्रॅम, तर तो पाण्यापेक्षा जड होतो आणि पंधरा सेकंदांच्या आत तळाशी जातो. इतकी साधी परीक्षा. माझा थेंब थोडा खाली गेला, मध्येच थांबला, आणि मग हळूहळू, एखादी आगाऊ मुलगी वर्गात हात वर करते तसा, वर आला. तिने यंत्रावर पुन्हा तपासलं. ११.२. "मॅडम, नाही घेता येणार. आयर्नच्या गोळ्या घ्या, तीनेक महिन्यांनी या."

आणि मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं. अगदी स्पष्ट. परीक्षेच्या दिवशी सकाळी पेपर पुढे ढकलल्याचं कळावं तसं. सुई टोचणार नव्हती, चक्कर येणार नव्हती, आणि येऊन गेल्याचं पुण्य पदरात होतंच.

बाहेर आले तर वॉचमन अदबीने उभा राहिला. त्याने माझ्या चपला पायाने सरळ करून ठेवलेल्या होत्या. "झालं?"

"झालं," मी म्हणाले.

"छान केलंत. असं कोणी येत नाही हो. चहा-बिस्कीट घेतलं ना?"

हो म्हणाले. म्हणजे दोन खोटी.

रिक्षात बसल्यावर ते खुपायला लागलं. नाही झालं, रक्त कमी पडलं, एवढं सांगायला काय हरकत होती? त्या माणसाशी माझं देणंघेणं नव्हतं. त्याला खरं कळून माझं काही जात नव्हतं, खोट्याने काही मिळत नव्हतं. फॉर्मवर सत्तावीस प्रश्नांना इमानदारीने उत्तरं लिहिणारी मी, फॉर्मबाहेरच्या पहिल्याच प्रश्नाला घसरले. घरी येऊनही ते डोक्यातून जाईना आणि मग, नेहमी होतं तसं, एका खोट्याच्या मागून जुनी दुसरी खोटी येऊन उभी राहिली.

१९८८. अप्पांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी दोन बाटल्या रक्त आणायला सांगितलं. तेव्हा सगळे 'बाटली'च म्हणायचे, प्लॅस्टिकची पिशवी आली तरी बरीच वर्षं म्हणत राहिले. एक बाटली मामांनी दिली. दुसरीसाठी चुलते येणार होते, ते आदल्या रात्री एकाएकी गावाला गेले. (पुढे त्या गावाला जाण्याचा विषय घरात कधी निघाला नाही. निघाला असता तर आणखी बरंच काही निघालं असतं.) मग मामा हॉस्पिटलच्या गेटबाहेरच्या पानटपरीवर गेले आणि एका माणसाला घेऊन आले. मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला. तो माणूस मला नीट आठवतो: लांब बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, मे महिन्यात. चेहऱ्याचा रंग ओल्या मातीसारखा नाही, वाळलेल्या मातीसारखा. त्याने बाही वर केली तेव्हा कोपराच्या खळीत बारीक बारीक काळे ठिपके होते, आणि त्यातला एक अजून लालसर होता. मी बघितलं. मामांनीही बघितलं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "याआधी कधी दिलंय?" तो म्हणाला, "सहा महिने झाले." मामा म्हणाले, "माझा मित्र आहे." काउंटरवरच्या माणसाने लिहून घेतलं. त्या खोलीत त्या क्षणी खरं बोलणारं एकही माणूस नव्हतं, मी धरून, कारण मी गप्प होते.

त्याला दीडशे रुपये दिले. वर चहा पाजला. तो कपबशीतला चहा बशीत ओतून पीत होता आणि बशी थरथरत होती, तिच्या कडेवरून चहा सांडत होता. जाताना मला म्हणाला, "वडील बरे होतील हो." त्यात लबाडी नव्हती, असं मला आजही वाटतं.

अप्पा बरे झाले, पुढे सोळा वर्षं जगले. तब्येत कुरकुरली की मामा डोळे मिचकावत म्हणत, "दीडशे रुपयांचं रक्त, दुसरं काय होणार." आम्ही हसायचो. त्या बाटलीत काय काय असू शकलं असतं हे मला फार उशिरा कळलं. रक्तपेढ्यांना एचआयव्हीची तपासणी सक्तीची झाली ती १९८९ मध्ये. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तोच मुळी १९८९ मध्ये. म्हणजे अप्पांच्या वेळी तो शोधायचा म्हटलं तरी शोधणार कशात? आमचं नशीब, आणि त्या माणसाचंही, की त्याच्याकडे फक्त अशक्तपणा होता.

तो काही एकटा नव्हता. १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला, तेव्हा न्यायालयापुढे आलेलं चित्र असं होतं की देशातल्या १०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना चालत होत्या. न्यायालयाने रक्त विकण्याचा धंदा दोन वर्षांत बंद करायला सांगितलं आणि १ जानेवारी १९९८ पासून तो बंद झाला, निदान कागदावर. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद स्थापन झाली ती त्याच निकालामुळे. मला त्या दोन वर्षांचं कुतूहल आहे. रक्त विकून पोट भरणाऱ्या त्या बाह्या झाकलेल्या माणसांनी ३१ डिसेंबरच्या रात्रीनंतर काय केलं असेल? त्यांचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही. मीही हे लिहायला बसेपर्यंत केला नव्हता.

रक्त विकत का घेऊ नये, याचं साधं उत्तर 'ते अनैतिक आहे' असं आपण देतो. मला ते उत्तर पुरत नाही. गरिबाने गरजेपोटी विकलं आणि श्रीमंताने घेतलं, असे व्यवहार आपण रोज बिनदिक्कत करतो. त्यापेक्षा मला रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाचा मुद्दा पटतो. ब्रिटनमध्ये लोक रक्त फुकट देत, अमेरिकेत त्या काळी बरंचसं विकत घेतलं जाई. १९७० मध्ये त्याने दोन्हींची तुलना केली आणि म्हटलं की विकत घेतलेल्या रक्तातून काविळीचा धोका जास्त आहे. कारण उघड आहे. ज्याला पैसे हवेत त्याला आजार लपवण्याचं कारण आहे. तपासण्या कितीही केल्या तरी संसर्ग झाल्यानंतर काही दिवस असे असतात की विषाणू रक्तात असतो पण चाचणीत दिसत नाही. त्या दिवसांपुरती रक्तपेढीच्या हातात एकच चाळणी उरते, ती म्हणजे फॉर्मवर खरं उत्तर लिहिणारा माणूस. एवढे फ्रिज, एवढी यंत्रं, आणि सगळं येऊन टेकतं ते समोरचा खरं बोलतोय का यावर.

आणि खोटं बोलायला पैसेच लागतात असं थोडंच आहे?

१९९९ मध्ये माझ्या दुसऱ्या बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला. मला स्वतःला फार आठवत नाही. छताचा पंखा लांब लांब जात होता आणि पाय बर्फासारखे पडले होते, एवढंच. तीन पिशव्या चढवल्या. तोवर रक्त विकणारे अधिकृतपणे गेले होते आणि त्यांच्या जागी आली होती 'रिप्लेसमेंट'. तुम्ही रक्त न्या, पण बदल्यात तुमची माणसं आणा. भाऊजी आणि त्यांचे दोन मित्र धावत आले. मला कितीतरी वर्षं वाटायचं की माझ्या अंगात भाऊजींचं रक्त आहे. भाऊबीजेला ते तसं म्हणायचेही. तसं नसतं. त्यांच्या पिशव्या तपासणीला गेल्या, मला ज्या चढल्या त्या फ्रिजमध्ये आधीपासून तयार असलेल्या, दुसऱ्याच कुणाच्या तरी. आणीबाणीच्या वेळी नुकतं काढलेलं रक्त उपयोगाचं नसतं, आधी कुणीतरी देऊन ठेवलेलं असावं लागतं. ही गोष्ट इतकी साधी आहे आणि तरी प्रत्येक कुटुंबाला ती कॅज्युअल्टीच्या दारातच पहिल्यांदा कळते.

त्यातल्या एका मित्राने दहा-बारा वर्षांनी, एका लग्नाच्या पंगतीत, हसत हसत सांगितलं, "वहिनी, तेव्हा मला महिन्यापूर्वीच मलेरिया होऊन गेलेला. बोललोच नाही. म्हटलं, तुम्ही तिथे आत, आणि मी इथे काय कारणं सांगत बसू?" सगळे कौतुकाने बघत होते. मीही हात जोडले. माझ्यासाठी तो खोटं बोलला होता आणि त्याच्या त्या खोट्याची पिशवी तपासणीत अडकली की दुसऱ्या कुणाला चढली, ते ना त्याला माहीत, ना मला. अप्पांसाठी आलेला माणूस पैशासाठी खोटं बोलला, हा प्रेमापोटी. ज्याचं माणूस टेबलावर आहे तो 'मला चालणार नाही' असं म्हणूच शकत नाही. नाही म्हणण्याची सोय फक्त त्यालाच, ज्याचा पेशंट कुठल्याच वॉर्डात नाही. 'स्वेच्छा' या शब्दाचा हा अर्थ मला शाळेत कुणी शिकवला नव्हता.

'रक्तपेढी' या शब्दातच मुळी थोडी गडबड आहे. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस या डॉक्टरने १९३७ मध्ये 'ब्लड बँक' हे नाव दिलं, तेव्हा त्याच्या डोक्यात खरंच खातं होतं: भरा आणि काढा. आपण त्याचं भाषांतर केलं 'पेढी', आणि पेढी म्हटल्यावर समोर येते ती सावकाराची. आता नियमांत 'ब्लड सेंटर' झालंय, पाट्यांवर 'रक्तकेंद्र' दिसू लागलंय, पण बोलताना आपण पेढीच म्हणतो आणि वागतोही पेढीसारखं. मी दिलं तर मला मिळावं. कार्ड दाखवलं तर सवलत मिळावी. मी पहिल्यांदा चौकशी केली तेव्हा माझाही दुसरा प्रश्न हाच होता की डोनर कार्ड मिळतं का. जिथे रक्ताची किंमत घ्यायची नसते, फक्त तपासणी आणि साठवणीचा खर्च घ्यायचा असतो (लाल पेशींच्या पिशवीला सरकारी मर्यादेनुसार खासगी ठिकाणी जास्तीत जास्त १५५० रुपये), तिथेही आपल्याला पावती लागते.

या पेढीच्या हिशोबाबाहेर पहिलं पाऊल टाकणारी माणसं मला म्हणून विलक्षण वाटतात. लंडनमध्ये १९२१ साली रेड क्रॉसच्या एका स्थानिक शाखेत काम करणाऱ्या पर्सी ऑलिव्हरला इस्पितळातून फोन आला, रक्त हवंय, कुणी येईल का. तो काहीजणांना घेऊन गेला, त्यातल्या एका नर्सचं जुळलं. मग त्याने राहत्या घरातून अशा तयार माणसांची यादी ठेवायला सुरुवात केली. एक यादी, एक टेलिफोन, बस. आपल्याकडे मुंबईत समाजसेविका लीला मूळगावकरांनी पन्नास-साठच्या दशकांत स्वेच्छा रक्तदानाची मोहीम उभी केली. रक्त विकत मिळत होतं तेव्हा, सहज, गेटबाहेर. अशा वेळी धडधाकट लोकांकडे जाऊन 'फुकट द्या, आणि कुणाला जाईल ते विचारू नका' हे सांगायचं म्हणजे काय असेल! समोरच्यांनी त्यांनाही विचारलंच असणार, पेशंट कोण आहे? १ ऑक्टोबर हा स्वेच्छा रक्तदान दिवस आपल्याकडे १९७५ पासून पाळला जातो. मला तो माहीत नव्हता. तारीख आहे, त्या दिवशी शाळांत भाषणंही होत असतील.

शिबिरांबद्दल माझं मत कधी धड एका जागी राहिलेलं नाही. आमच्या चौकात दरवर्षी एका नेत्याच्या वाढदिवसाला मांडव पडतो, लाऊडस्पीकर लागतो, आणि रक्त देणाऱ्याला हेल्मेट नाहीतर डबा मिळतो. मी त्याला नाकं मुरडत आले. हेल्मेटसाठी रक्त देणं आणि दीडशे रुपयांसाठी देणं यात फरक तो काय? नियमालाही अशा भेटवस्तू मान्य नाहीत. पण टेक्निशियन मुलगी म्हणाली, मॅडम, मांडव पडले नाहीत तर आमचे फ्रिज रिकामे. तिची तक्रार निराळीच होती. एका दिवशी पाचशे पिशव्या येतात. लाल पेशी टिकतात ३५ दिवस, फार तर ४२. एका दिवशी आलेल्या पाचशे पिशव्यांची मुदतही एकाच दिवशी संपते. आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद, पोरं गावाला, लोक सहलीला, तेव्हा मांडव घालायला कुणी येत नाही. "आम्हाला पाचशे माणसं एका दिवशी नकोत," ती म्हणाली, "रोज दहा हवीत. आजारी माणूस वाढदिवस बघून आजारी पडत नाही." तिने बोटाने पॅसेजकडे दाखवलं. तिकडे थॅलेसेमियाच्या, म्हणजे जन्मापासून अंगात पुरेसं रक्त तयार न होणाऱ्या मुलांची खोली होती. दारातून दिसत होता नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा. उजव्या हाताला सुई, पिशवी वर टांगलेली, आणि डाव्या हाताने वाकडेतिकडे आकडे काढत तो गृहपाठ करत होता. दर पंधरा-वीस दिवसांनी त्याला यावं लागतं. आयुष्यभर. त्याची आई शेजारी बसून वहीचं पान हलू नये म्हणून हाताने दाबून धरत होती.

आणि काहींना तर फ्रिज भरलेला असूनही उपयोग नसतो. मुंबईत १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक रक्त असं सापडलं की ते कुठल्याच ठरलेल्या गटात बसेना. वरवर 'ओ', पण 'ओ'चं रक्तही त्याला चालेना. त्याला 'बॉम्बे' हे नाव पडलं आणि शहराचं नाव बदललं तरी ते तसंच राहिलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचं असतं. अशा माणसाला फक्त दुसऱ्या अशाच माणसाचं रक्त चालतं. सख्खा भाऊसुद्धा कामाचा नसू शकतो. मग कुठल्यातरी दूरच्या गावातला एक अनोळखी माणूस रात्रीच्या बसने निघतो. रिप्लेसमेंटचा सगळा हिशोब तिथे कोलमडतो. बदल्यात काय आणि कोण देणार?

मी गोळ्या सुरू केल्या. आयर्नच्या गोळ्यांनी जे जे होतं ते सगळं झालं, त्याचं वर्णन नको. रोज रात्री गोळी घेताना वॉचमन आठवायचा. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला वाटलं, मेनोपॉजचं काहीतरी. तेही मी खोडून काढलं नाही. एव्हाना खोट्यांची सवयच झाली होती म्हणा. गंमत म्हणजे आधी ज्या गोष्टीतून सुटल्याचा आनंद झाला तिचीच आता ईर्ष्या लागली. कॉलेजात एनएसएसच्या शिबिरात वजन ४१ किलो भरलं म्हणून परत पाठवलं होतं, तेव्हाही सुटलेच होते. माझ्या रक्तदानाचा सगळा इतिहास म्हणजे हे असे दोनदा सुटणं. घेतलेल्या पिशव्या मात्र तीन.

तीन महिन्यांनी पुन्हा मंगळवारीच गेले. तोच वॉचमन. त्याने मला ओळखलं, आणि मी घाबरले ती बरोबरच. "मॅडम! आज कोण पेशंट?" कोणी नाही, म्हटलं, रक्त द्यायला आलेय. तो खुश झाला, मग एकदम गंभीर झाला. "पण तुमचं मागचं कधी झालं?" रजिस्टरची पानं उलटत तो मागे गेला. सगळ्या पानांत आडवी रेघ असलेली ओळ शोधायला त्याला वेळ लागला नाही. बोट ठेवून त्याने तारीख वाचली, मनात हिशोब केला. "नाही चालणार. पुरुषांना ९० दिवस चालतात, लेडीजना १२० लागतात. तुमचे ९१ झालेत. नियम आहे मॅडम, तुमच्याच तब्येतीसाठी. अजून २९ दिवसांनी या."

मागे रांगेत दोनजण उभे होते. एकाच्या हातात क्रॉसमॅचचा, म्हणजे रक्त जुळतं का ते बघायचा नमुना होता, तो घाईत होता. मला वाटलं, २९ दिवसांनीच यावं. काय बिघडतं.

"मागच्या वेळी घेतलंच नव्हतं," मी म्हणाले. "हिमोग्लोबिन कमी आलं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही तर झालं म्हणालात."

"हो."

"चहा-बिस्कीटही म्हणालात."

"हो. म्हणाले होते."

मागचा माणूस म्हणाला, दादा, आमचं बघा जरा. वॉचमनने नवी ओळ सुरू केली. नाव लिहिलं, पुढच्या तीन रकान्यांवरून रेघ ओढली. पट्टी न घेताही या वेळी सरळ आली. "जा आत," तो म्हणाला. चपलांचं काही बोलला नाही. मीच काढल्या.

टेक्निशियन मुलगी तीच होती, तिला मी आठवत नव्हते. फॉर्मवर 'यापूर्वी रक्तदान केले आहे का' याच्यापुढे 'नाही' लिहिलं. मोरचुदाचं पाणी तसंच निळं. थेंब पडला, थोडा खाली गेला, त्याच जागी, अगदी त्याच जागी क्षणभर अडखळला. मी श्वास धरला होता हे मुलीच्या लक्षात आलं, तिने हसू दाबलं. मग तो सुटल्यासारखा खाली गेला आणि तळाला जाऊन बसला. पुढचं फार पटकन झालं. सुई आत जाताना दुखलंच, दुखत नाही म्हणणारे लोक कोण असतात कोण जाणे. मूठ उघडा, मिटा, उघडा. नळी गरम लागत होती, हातावर टेकली होती तिथे. आपलं रक्त आपल्याला असं गरम लागतं हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या छोट्या पाळण्यावर पिशवी हलत होती, आत आधीपासून असलेल्या पाण्यासारख्या औषधात मिसळत, गोठू नये म्हणून. ३५० मिलिलिटर व्हायला सात मिनिटं लागली. चहा गोड होता, नको इतका. बिस्किटं दोन खाल्ली.

बाहेर आले. तो खुर्चीतच बसला होता, उठला नाही.

"झालं?"

मी काही बोलले नाही. बाही वर करून कोपर पुढे केलं. त्याने वाकून पट्टी नीट बघून घेतली.